आतली टाळू

नऊ वर्षांची होईपर्यंत मी वडिलांना ‘मामा’ म्हणत होते. मनात बाबाच असायचे, पण तोंडातून बाहेर पडायच्या आत ब नाकात शिरायचा आणि त्याचा म होऊन जायचा. आईला आम्ही माय म्हणायचो. ते मला नीट यायचे. त्यामुळे घरात मला एक माय होती आणि एक मामा होता. शेजारपाजारचे लोक हसायचे. “कोन्या मामाले हाका मारून राह्यली व पोरी?” वडील हसायचे नाहीत. मी हाक मारली की ते बऱ्याचदा वळायचेच नाहीत. मग मी पुढे जाऊन त्यांच्या धोतराचा सोगा ओढायची.

आमचा मळा धाड गावाच्या अलीकडे होता. विहिरीला पाणी बरे होते. वांगी, मिरची, मेथी, गवार, उन्हाळ्यात काकडी असा माल निघायचा आणि बाजाराच्या दिवशी आई तो धाडला नेऊन बसायची. मी तिच्या शेजारी. गिऱ्हाइकाने मला काही विचारले तर उत्तर मी द्यायची आणि ते पुन्हा एकदा आई द्यायची. तिला माझे सगळे कळायचे. दुसऱ्या कोणाला फारसे कळत नव्हते.

आमच्याकडे अशा बोलण्याला गेंगाणे म्हणतात. माणसालाही तेच नाव चिकटते. म, न, ल, य ही अक्षरे माझ्याजवळ होती. प आणि ब नव्हते, त आणि द अर्धवट होते. क आणि ग म्हणताना मी घशात हवा अडवून एक आचका द्यायची, आणि माझ्या लेखी ते अक्षर म्हणून झालेले असायचे. तान्ही असताना प्यायलेले दूध माझ्या नाकातून परत यायचे. पोरगी घाईने पिते, असा त्याचा अर्थ घरात लावला गेला होता.

उपाय झाले. जिभेवर वेखंड घासले, मधातून अक्कलकाढा चाटवला. देवळातल्या घंटेवरून ओतलेले पाणी पाजले. जीभ जड आहे असे कोणीतरी ठरवल्यावर गावातल्या एका जाणत्याने जिभेखालची तार कापली. जीभ आधीपेक्षा लांब बाहेर येऊ लागली. बोलणे होते तेच राहिले. शाळेत गुरुजी मला उभे करून वाचायला लावत नसत. मला ते सोयीचे वाटायचे. कविता सगळ्यांबरोबर म्हणताना मी नुसते ओठ हलवायची.

बोलण्यासाठी मला डॉक्टरकडे न्यावे हे कोणाच्या मनात आले नव्हते. नेले ते कानासाठी. दर पावसाळ्यात माझा कान फुटायचा. लसणाचे कोमट तेल घातले की थांबायचा आणि पुन्हा वाहायचा. त्या वर्षी तो दिवाळीपर्यंत वाहत राहिला, तेव्हा आई मला एसटीने बुलढाण्याला घेऊन गेली. सरकारी दवाखान्यात कानाचे एक डॉक्टर अधूनमधून बाहेरगावाहून येत. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती आणि दवाखान्याबाहेरच्या पाटीचा रंग अजून कोरा दिसत होता.

डॉक्टरांनी कान पाहिला, पुसला. मग मला विचारले, “दुखतो का गं?”

मी काहीतरी सांगितले. ते थांबले. “पुन्हा सांग.”

आईने माझ्याऐवजी सांगायला सुरुवात केली. त्यांनी तिला हाताने थांबवले. टेबलावरचा छोटा गोल आरसा उचलून माझ्या नाकाखाली धरला आणि म्हणाले, “म्हण, पा पा पा.”

मी म्हटले. आरशावर वाफ धरली. त्यांनी आरसा आईला दाखवला, पुसला, आणि तेच मला पुन्हा म्हणायला लावले. पुन्हा वाफ. मग बॅटरी घेऊन तोंड उघडायला लावले आणि बोट आत घालून वरच्या बाजूने मागेपर्यंत चाचपत नेले. मला ओकारी आली. त्यांनी बोट काढले, हात धुतला आणि खुर्चीत बसत आईला म्हणाले, “लहानपणी दूध नाकातून यायचं?”

“हाव,” आई म्हणाली. तिने हे घराबाहेर कोणाला सांगितलेले नव्हते, म्हणून ती जरा दचकली.

“हिच्या टाळूत फट आहे. वरून कातडी धरलेली आहे म्हणून दिसत नाही.”

आईचा हात आपसूक माझ्या डोक्यावर गेला. तिने मधोमध, भांगाच्या जागी, बोटांनी दाबून पाहिले. “टाळू तं कवाचीच भरली हो साहेब. मी सोता तेल घालत होतो.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी स्वतःचे तोंड मोठे उघडले आणि बोटाने आत दाखवले. “ही टाळू. डोक्यावरची नाही, आतली. तोंडाचं छप्पर समजा. बोलताना त्याचा मागचा मऊ भाग उचलून नाकाची वाट बंद करतो. हिचं ते छप्पर आतून जुळलेलंच नाही, मग ते उचलणार कसं? म्हणून वारा नाकात जातो. कान वाहतो तोही यानंच. तिची पडजीभ बघा, दोन फाळ्यांची आहे.”

आईने वाकून पाहिले.

“जिभेचं काही नाही?” तिने विचारले.

“जीभ चांगली आहे. उगीच कापली. मुंबईला ऑपरेशन होतं. मी चिठ्ठी देतो. आणि थांबू नका. जितका उशीर, तितकी खोट्या बोलण्याची सवय पक्की.”

परतीच्या गाडीत आईचा गाल आतून हलताना मला दिसत होता. ती जिभेने स्वतःची टाळू चाचपत होती. मीही तेच करू लागले. मला काही वेगळे लागले नाही, कारण माझ्याकडे तीच एक होती.

वडिलांना पटले नाही. “कान बरा होऊन राह्यला ना? मंग तोंड कापाचं काऊन? एकडाव जीभ कापली, काय झालं?” त्यांचे चुकत होते असे मला आजही वाटत नाही. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा विचारणारच. आईने दोनदा विषय काढला आणि सोडून दिला.

माघाच्या सुमारास एका सकाळी आमचा बैल दावे तोडून बांधावरून पलीकडच्या हरभऱ्यात शिरला. मळ्याच्या त्या टोकाला मी एकटीच होते. मी धावत शेजारच्या काकांच्या विहिरीवर गेले आणि ओरडले, “बैल गेला!” माझ्या तोंडून ते ‘मैल एला’ असे निघाले. काकांनी ऐकले, ‘माय मेली’. त्यांनी मोट तशीच सोडली. मला वाटले, त्यांना कळले. मी बैलाच्या मागे परत पळाले.

बैल हाकलून घराशी आले तर अंगणात माणसे जमलेली. वडील गावातून धापा टाकत आलेले, पायात वहाणा नाहीत, कोणीतरी रस्त्यातच त्यांना बातमी दिलेली. आणि आई ओसरीवर मेथीची जुडी हातात धरून उभी, सगळ्यांकडे पाहत. काही वेळ कोणालाच काही उमजेना. मग काका माझ्याकडे वळून म्हणाले, “पोरी, तू काय म्हनली होती मले?”

मी पुन्हा म्हणाले. आईने सांगितले, “बैल गेला म्हनते थे.”

लोक हसले. काकाही हसले, घाम पुसत. वडील तिथेच जमिनीवर बसले. त्यांना उठायला वेळ लागला. माणसे पांगल्यावर ते आईला एवढेच म्हणाले, “ने तिले मुंबईले.”

आम्ही मलकापूरहून रेल्वेने गेलो. दवाखान्यात पोचवून वडील दोन दिवसांनी परतले, कारण मळा कोणाच्या भरवशावर सोडता येत नव्हता. ऑपरेशनचे मला फार आठवत नाही. नाकावर धरलेल्या औषधाचा गोडसर वास, आणि जाग आल्यावर घशात काटेरी काहीतरी भरून ठेवल्यासारखे वाटणे. बरेच दिवस पातळ पेज आणि दूध. आई चमच्याने दूध पाजायची आणि प्रत्येक घोटानंतर माझ्या नाकाकडे बघायची. ते कोरडे राहायचे. तेवढ्यावर ती खूश होती.

डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली तेव्हा पहिल्यांदा मी वडिलांची चौकशी केली. ‘मामा’च निघाले. मोठे डॉक्टर फेरीवर आले तेव्हा आईने त्यांना गाठले. ते म्हणाले, “दार बसवून दिलं आहे. ते लावायची सवय तिला अजून नाही. ती शिकवावी लागते.”

शिकवायला एक बाई होत्या. पांढरे पातळ, जाड भिंगांचा चष्मा, आवाज अगदी हळू. त्या तळहातावर कापसाचा लहान बोळा ठेवत आणि तो मला प म्हणून उडवायला लावत. नाकाखाली आरसा. कापूस हलला पाहिजे, आरसा धुरकटता कामा नये. सुरुवातीला उलटेच व्हायचे. त्या माझे नाक चिमटीत धरत, मग प निघे. चिमटी सोडली की पुन्हा म. क शिकवायला त्यांनी मला मान वर करून गुळण्या करायला लावल्या आणि म्हणाल्या, “जिथे पाणी खळखळतंय, तिथे जीभ टेकव. खाली घशात अडवू नकोस.” आम्ही दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहत होतो. आई रोज मला घेऊन जायची आणि कोपऱ्यातल्या बाकावर न बोलता बसायची.

अक्षरे जमू लागल्यावर बाई चित्रे दाखवून वाक्ये म्हणवून घेऊ लागल्या. एका चित्रात मुलगी पेला धरून उभी होती. मी म्हणाले, “मले पाणी पाह्यजे.” त्यातले सगळे प नीट आले होते. मी शाबासकीची वाट पाहत होते.

“मला पाणी पाहिजे,” बाई म्हणाल्या. “मला. म्हण.”

मी म्हणाले. दुसऱ्या वाक्यात पुन्हा ‘तुले’ आले. त्यांनी पुन्हा सुधारले. असे बरेच दिवस चालले. माझी अशी समजूत झाली की ‘ले’ हाही टाळूचाच दोष आहे आणि तो सगळ्यांत अवघड आहे. मी धर्मशाळेत एकटी बसून मला, तुला, त्याला घोकायची. प आणि क मागे पडले.

शेवटी आई बाकावरून उठली. “बाई, एक इचारू? रागावू नका. हे ‘मले’ तिच्या तोंडाचं नाही, आमच्या गावचं आहे. मीबी तसंच म्हनतो. तिचा बापबी तसंच म्हनते. आमची टाळू तं चांगली आहे ना?”

बाईंनी चष्मा काढला. “माझ्या लक्षातच आलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी दोन्ही एकदम दुरुस्त करत बसले. तुम्ही असं करा, वाक्यं तुम्हीच सांगा. घरी बोलता तशी.”

त्यानंतर आईचे बाक बाईंच्या टेबलाला लागले. “बाबा पाट काऊन फोडते?” “गाईले गवत टाक.” “काकीची काकडी कडू निघाली.” आई वाक्य सांगायची, बाई त्यातली माझी अवघड अक्षरे पारखून घ्यायच्या, मी म्हणायची. एकदा ‘काकीची काकडी’ म्हणताना बाई स्वतःच अडखळल्या आणि आम्ही तिघीही हसलो.

परत निघालो तेव्हा उन्हाळा सरत आला होता. मलकापूरच्या फलाटावर वडील उभे होते. मी खाली उतरून म्हणाले, “बाबा.”

“हाव,” ते म्हणाले आणि ट्रंक उचलून चालू लागले. थोडे पुढे जाऊन त्यांनी ट्रंक खाली ठेवली, टोपी काढली, घातली, आणि पुन्हा उचलली.

पण बोलणे तिथे संपले नव्हते. घरी आल्यावर जुनी सवय परत येऊ लागली. बाईंनी आईला एक सांगून ठेवले होते: जुन्या बोलण्याला उत्तर द्यायचे नाही. माझे बोलणे कळणारे माणूस घरात एकच होते, आणि आता त्याच माणसाने न कळल्याचे सोंग घ्यायचे होते. आईने ते घेतले. मी नाकातून भाकर मागितली की ती चुलीकडे तोंड करून विचारायची, “काय पाह्यजे?” एका दुपारी मी चिडून जेवलेच नाही. संध्याकाळपर्यंत बसून राहिले. तिने ताट झाकून ठेवले आणि तीही जेवली नाही. दिवेलागणीला मी हळूहळू, एकेक अक्षर वेगळे करून, “भाकर दे” म्हणाले. तिने ताट पुढे सरकवले, पण माझ्याकडे पाहिले नाही. मला तिचा राग आला होता आणि तो पुष्कळ दिवस टिकला.

बाजारात ती मला माल ओरडायला लावायची. मला जड जाणारी सगळी अक्षरे आमच्याच टोपल्यांत होती. भेंडी, भोपळा, गवार, काकडी, कोथिंबीर. पहिले काही बाजार माझा आवाज शेजारच्या पालापर्यंतही गेला नाही. मग कधीतरी एका बाईने टोपलीत हात घालत विचारले, “काकडी कशी दिली व?” मी भाव सांगितला. तिने मान वर केली नाही. काकड्या दाबून पाहत राहिली, दोन परत टाकल्या, भाव जास्त आहे म्हणाली. मी नाही म्हणाले. ती घासाघीस करत राहिली आणि शेवटी घेऊन गेली. आईने त्या वेळात मिरच्यांचे देठ खुडण्याखेरीज काही केले नाही.

बोलणे पूर्ण सरळ व्हायला आणखी दीड-दोन वर्षे गेली. थकले, सर्दी झाली की आजही नाकातून वारा सुटतो आणि स थोडा फुसकतो. जाणकार कानाला ते कळते. इतरांना कळत नाही.

पुढे देऊळगाव राजाकडचे एक स्थळ आले. पाहायला आलेल्या मंडळींना पोहे देऊन झाल्यावर आईने, वडील नको नको अशी खूण करत असताना, सगळे सांगून टाकले: टाळू, मुंबई, ऑपरेशन. मुलाची आत्या पुढे सरकून बसली आणि मला म्हणाली, “बोल बरं काहीतरी, बाई.”

मी विचारले, “काय बोलू?”

आत्याने मुलाच्या आईकडे पाहिले. मुलाच्या आईने कपातला चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारले, “पुरणपोळी येती का?”