मोहाखालचं छप्पर
मोहफुलांचा गोडूस, आंबूस वास आला की माझं डोकं अजून फिरतं. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आरमोरीपलीकडच्या जंगलातल्या एका गावात मी ओव्हरसियर म्हणून पंगतीसाठी मांडव बांधून घेतला होता. झाड तोडायचं नाही, हा माझाच हट्ट. म्हणून भल्याथोरल्या मोहाचं खोड मधोमध ठेवून भोवती सागाचे खांब रोवले, वर गवताचं छप्पर घातलं. फाल्गुनातल्या एका सकाळी बघतो तर अर्धं छप्पर खाली उतरलेलं, आणि त्या मोहाची मालकीण असलेली म्हातारी उरलेलं गवत ओढून काढतेय! मी ओरडलो, “अहो बाई, तुमचं झाड मी वाचवलं, आणि तुम्ही माझं छप्पर मोडता?” तिने गवताची पेंढी माझ्यापुढे धरली. रात्रीमागून रात्री गळलेली फुलं तिच्यात अडकून काळी पडली होती. “झाड ठेवलं भाऊ, पन फुलं जमिनीवर कुठी पडून राह्यले? आमी येचाचं काय न् खाचं काय?” “मग बांधताना का नाही बोललात?” “तुमी कोनाले इचारलं?” मी तणतणत तिथून निघालो. परवा जुन्या कागदांत त्या मांडवाचा नकाशा सापडला. मोहाचं पान न् पान मी रेखून काढलंय; फूल मात्र एकही नाही.