हनुवटीखालची गिटार

आमच्या घरी नवीन माणूस आला की त्याची नजर आधी भिंतीवर जाते. तिथे माझ्या बेस गिटारी टांगलेल्या आहेत. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्यात ती वेगळी अशी कुणाला ऐकू येत नाही, पण ती थांबली की गाणं पोकळ वाटायला लागतं. हे मी पाहुण्यांना इतक्यांदा सांगितलंय की बायको चहा ठेवायला उठते ती नेमकी याच वाक्याला. "देवांपेक्षा गिटारी जास्त झाल्यात घरात," असं कुरकुरते, आणि रोज देवघर पुसून झालं की त्यांच्यावरही फडकं मारते.

यातली एकही गिटार दुकानातून आली तशी राहिलेली नाही. जालन्यात दारं-चौकटी करणारे एक मेस्त्री आहेत. भांडखोर माणूस, पण हात चांगला. प्रत्येक गिटार मी त्यांच्याकडून बदलून घेतली. पाहुण्यांना सांगतो, आवाज सुधारावा म्हणून. साफ खोटं. लाल गिटारीची दांडी तासून बारीक केली, कारण लहानपणी कडबा कुट्टीच्या यंत्रात सापडलेली माझी करंगळी सरळ होत नाही. दुसरीचं अंग पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं करून घेतलं, कारण खांदा भरून यायला लागला. माझं जे जे बिघडत गेलं ते सगळं त्या भिंतीवर टांगलेलं आहे, आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

काळ्या गिटारीबद्दल मात्र मी कुणाला काही सांगत नाही. तिचे पडदे, म्हणजे सुरांच्या जागा दाखवणाऱ्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, मी मोठ्या हौसेनं काढून घेतले होते. पडदे नसले की सूर कानानंच शोधावा लागतो. बोट केसभर सरकलं तरी सूर ढळतो. एकदा तालमीत आमच्या बँडची गायिका माझ्याकडे बघून तोंड वाकडं करायला लागली. मला वाटलं, हिचं पोट दुखत असेल. मग ती वारंवार तसं करायला लागली, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडेच बघून. मी गुपचूप मेस्त्रींकडे गेलो आणि त्या दांडीवर पांढऱ्या रेघा घालून घेतल्या, म्हणजे कानाचं काम डोळ्यांनी भागवता येईल. तेव्हाच मला कळलं होतं. लग्नं, हळदी, नवरात्र, सगळी उमर स्पीकरला खेटून उभा राहिलो. कान जाणारच होते. पण ते दुसऱ्या कुणाचे तरी जातील अशी माझी समजूत होती.

कानातलं यंत्र घेतलं. घरात ते बरं चालायचं. बायकोचं बोलणं स्पष्ट ऐकू यायला लागल्यानं भांडणंही थोडी वाढली. स्टेजवर मात्र ढोलकी सुरू झाली की ते कानात शिट्या मारायचं, म्हणून कार्यक्रमाला मी ते खिशात ठेवायचो. बँडमध्ये कुणाला कळलं तर? बहिरा बेसवाला कोण उभा करणार? मला फार भीती वाटायची. दिवसभर घरी बसून राहायची.

एकदा काळ्या गिटारीच्या तारा बदलताना हनुवटी तिच्या खांद्याला टेकली आणि तार छेडली गेली. तो सूर हाडातून थेट डोक्यात आला. स्वच्छ, गोल, पूर्वीसारखा. मी तिथेच बसून रडलो. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींना म्हटलं, या गिटारीचं वरचं टोक लांब करा, माझ्या हनुवटीपर्यंत आलं पाहिजे.

मेस्त्री वैतागले. "गिटार करून राह्यलो का बैल? एवढं शिंग कशाला पाहिजे?"

"स्टाइल हाय."

"मंग बिलकुल खराब स्टाइल हाय," ते म्हणाले, पण शिंग सागवानाचं केलं आणि बराबर हनुवटीपुरतं केलं.

त्या गिटारीवर माझा हंगाम मस्त गेला. मान खाली, डोळे मिटलेले, हनुवटी शिंगावर. लोकांना वाटायचं, काय तल्लीन होतो हा माणूस! बँड ज्याचा आहे तो कीबोर्डवाला माझा शाळेपासूनचा दोस्त. मी त्याला भाई म्हणतो. तोसुद्धा म्हणाला, "यार, आजकाल तू अलगच वाजवून राह्यला."

मग शहागडची हळद आली. हायवेला लागून मांडव, ऐन दुपार. नवरदेवाच्या मित्रांचं नाचगाणं रंगात आलेलं. गायिकेनं एक संथ गाणं धरलं आणि मी डोळे मिटले. ढोलकीचा ठेका सवयीनं माझ्या अंगात होता. त्याच्यावर मी वाजवत गेलो. खरं सांगतो, इतकं सुरेख मी उभ्या आयुष्यात वाजवलं नव्हतं. एक साधी सुरावट सुचली, ती फिरवून फिरवून वाजवली. मला वाटलं, अजून काही बिघडलेलं नाही.

डोळे उघडले तेव्हा सगळा मांडव माझ्याकडे बघत होता.

लाईट गेल्ती. जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. गायिका थांबलेली, ढोलकीवाल्याचे हात मांडीवर, स्पीकर बंद. लाईटशिवाय बेस मुकी असते, तारा खाजवल्याएवढाच काय तो आवाज. ते सगळे कधी थांबले मला माहीत नाही. मी एकटाच, मान डोलवत, वाजवतच होतो. नवरदेवाचे मित्र फोनवर शूटिंग करत होते आणि हसत होते. ढोलकीवाला हसत नव्हता. ते मला जास्त लागलं.

डिझेल आणायला कुणीतरी पंपावर गेलं. तोवर पंगती बसवल्या. भाईनं मला दंडाला धरून मांडवामागे नेलं. गिटार माझ्या गळ्यातच होती. त्यानं त्या शिंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाकला आणि स्वतःची हनुवटी त्यावर टेकवली.

"बजा," तो म्हणाला.

मी मघाची सुरावट वाजवली. त्याची दाढी माझ्या छातीला टोचत होती. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. उठला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

मी घाईघाईनं म्हणालो, "ऐकलं ना? सगळं येतं मला ऐकू. बराबर येतं."

त्यानं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश बोलला, "गिटार येते यार. ती मला बी आली. आम्ही येतो का?"

मी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. गायिका ढोलकीवाल्याला काहीतरी सांगत होती. तिचं तोंड हलत होतं.

"न्हाई," मी म्हणालो.

घराबाहेर कुणालाही हे मी पहिल्यांदाच सांगत होतो, म्हणून अगदी हळू बोललो. पण पंगतीतली माणसं हातातला घास तसाच धरून आमच्याकडे वळली, तेव्हा कळलं की मी ओरडलो होतो.