जशी काढली तशी भरा

माझी पिशवी त्यांनी जेवणाच्या मोठ्या टेबलावर उलटी केली होती.

मी प्रशिक्षणाहून परतले तेव्हा पाच वाजले होते. मे महिन्यातलं चंद्रपूर. डोक्यावरचा दुपट्टाही तापलेला. दार लोटून हॉलमध्ये पाय टाकला. टेबलाभोवती आठ-नऊ माणसं उभी. कोणाच्या हातात चहा, कोणाच्या हातात बिस्कीट. मधोमध माझं सामान. पांढरा युनिफॉर्म. रक्तदाब पाहायचं यंत्र. मलेरियाच्या गोळ्या. माझे आतले कपडे. चारोळीची पुडी फुटली होती, दाणे टेबलभर सांडले होते.

एक गृहस्थ माझी कात्री दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात पाहत होते.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. मला नाही, बाकीच्यांना.

नाळ कापायची कात्री होती ती. किती लेकरं तिनं आईपासून मोकळी केली, मीही मोजलेली नाहीत.

"कुलूप कोणी उघडलं?" मी म्हणाले.

हॉस्टेलची मालकीण पुढे आली. तिला सगळ्यांनी दीदी म्हणायचं, असा तिथला नियम होता. "घाबरू नकोस गं," ती कात्रीवाल्या गृहस्थांकडे बोट करत म्हणाली. "या सरांची दुर्बीण हरवलीय. सगळ्यांचंच सामान बघणार आहोत. तुझ्यापासून सुरुवात केली, एवढंच."

मी भोवती पाहिलं. दुसऱ्या कोणाची साधी पर्ससुद्धा उघडी नव्हती.

मी मूळची सावली तालुक्यातली. धानाच्या बांधावर वाढलेली. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही, पुस्तकांची फळी आहे. नर्स झाले. नोकरी लागली भामरागडकडच्या एका उपकेंद्रात; बाहेरचे लोक त्या भागाला नक्षलवाद्यांचा म्हणतात. पावसाळ्यात नदीला पूर आला की रस्ता तुटतो. मग बाळंतीण आणि मी, दोघीच. तिसरं कोणी येत नाही. मी आता चौतीस वर्षांची आहे. भीती म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे, असं मला वाटायचं.

प्रशिक्षण सहा दिवसांचं होतं. राहायची सोय ज्याची त्यानं करायची होती. मागच्या वेळी मी बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरले होते. एकटी बाई. भरदुपारी कोणीतरी बाहेरून कडी हलवत राहिलं, मी पलंग ओढून दाराला लावला आणि तशीच बसून राहिले. ते मायला सांगितलं, तर ती म्हणाली, "एकांताच्या खोलीत नको राहू, बाई. जिथी चार माणसं उठते-बसते, तिथी राह्यजो. घोळक्यात भेव नसते."

म्हणून या वेळी मी नीट शोधून हॉस्टेल निवडलं. वाघ पाहायला येणाऱ्या लोकांसाठीचं होतं ते. जुना बंगला. बायकांची खोली वेगळी, खाटेला पडदा, प्रत्येकीला कुलपाचं कपाट. एकच मोठा हॉल, एकच टेबल, सगळ्यांनी मिळून जेवायचं. लोकांनी फोनवर लिहिलेले अभिप्राय मी एकूण एक वाचले. 'एकटे आलो, कुटुंब घेऊन गेलो.' 'इथे कोणी परकं नाही.' फोन करून दीदीशी बोलले. "या बिनधास्त," ती म्हणाली. "इथे एकटं कोणी राहतच नाही."

भामरागडहून निघाले तेव्हा एका बाळंतिणीच्या सासूनं चारोळी बांधून दिली. जंगलात दिवस-दिवस फिरून गोळा केलेली, दगडावर फोडलेली. मनात होतं, एखाद्या संध्याकाळी खीर करून सगळ्यांना खाऊ घालू.

पहिल्या संध्याकाळी ओळखीचा खेळ झाला. सगळे गोल बसले. नाव सांगायचं, गाव सांगायचं, आपल्याबद्दल एक गोष्ट सांगायची. मी घरून ठरवूनच आले होते की इथं 'मले-तुले' करायचं नाही. शुद्ध बोलायचं. प्रत्येक शब्द आधी मनात घासून मग बाहेर काढत होते.

"मी भामरागडला नर्स आहे," मी म्हणाले.

"बाप रे!" दुर्बीणवाले सर हसले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, दरवर्षी वाघ पाहायला येणारे. "म्हणजे त्या जंगलातल्या लोकांनाही तुम्हीच गोळ्या देता? त्यांच्याकडे त्यांच्या गोळ्या असतात ना?"

सगळे हसले. मीही हसले. ते हसणं आजही माझ्या तोंडात कडू लागतं.

"पूर्ण नाव काय तुमचं?" त्यांनी विचारलं.

मी आडनाव सांगितलं.

काही झालं नाही. कोणी उठून गेलं नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त सरांनी मान हलवली, "अच्छा, अच्छा," म्हणाले, आणि खेळ पुढे गेला. पण त्या 'अच्छा'नंतर मी त्यांच्यासाठी 'तुम्ही'ची 'तू' झाले. आधी त्यांची, मग दीदीची, मग माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असलेल्यांचीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीदीनं मला एक कप दिला. फळीवर सगळ्यांचे कप एकत्र असायचे, हाताला लागेल तो घ्यायचा. माझ्या कपाला तिनं निळी पट्टी चिकटवली होती. "तुझाच हा. मिक्स नको व्हायला," ती गोड हसली. दुसऱ्या कोणाच्या कपाला पट्टी नव्हती. मी चहा प्यायले. त्याच कपात प्यायले. मनाला सांगितलं, साधी गोष्ट आहे.

माझ्या शेजारच्या खाटेवर मुंबईची एक मुलगी होती, कॉलेजात शिकणारी. पहिल्या रात्री खूप बोलली, माझा नंबरही घेतला. बाळंतपण कसं करतात, भीती वाटत नाही का, असं सारखं विचारत होती. दुसऱ्या दिवशी तिनं खाटेचा पडदा ओढून घेतला तो पुन्हा उघडलाच नाही. पडद्याआडून फोनवर ती हळूच म्हणाली, "तिच्याबद्दल इथे सगळे काहीतरी बोलतायत." मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहिले.

तिसऱ्या दिवशी दीदीनं आधारकार्ड पुन्हा मागितलं. "आधी दिलं होतं," मी म्हणाले. "पोलिसांना द्यावं लागतं, तुझ्या भागातल्या लोकांचं," ती म्हणाली आणि कार्डाचा फोटो काढला. मी टेबलाशी बसले की शेजारची खुर्ची रिकामी होऊ लागली. कोणी उठायचं नाही. कोणी बसायचंच नाही. हॉलमध्ये गेले की आवाज खाली जायचा, बाहेर पडले की वर यायचा. मायनं सांगितलेला घोळका तो हाच. भोवती माणसं होती आणि मला माझ्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. लॉजमध्ये निदान दाराला पलंग तरी लावता आला होता.

आणि चौथ्या दिवशी हे टेबल.

"दुर्बीण मी काऊन घेईन?" माझ्या तोंडून निघालं. घासलेली भाषा तिथंच गळून पडली.

"तिकडे दुर्बीण कशाला लागते, ते कळतं आम्हाला," सर म्हणाले. "आणि एवढ्या गोळ्या? कोणासाठी नेतेस?"

"माणसायसाठी. ताप येते त्यायले."

"कोणत्या माणसांसाठी, तेच विचारतोय."

मुंबईची मुलगी भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं फोनमध्ये मान घातली.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. त्यांना सकाळी जंगलात फिरवून आणणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरचा. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू आलं. दुर्बीण मागच्या सीटखाली पडली होती, म्हणे.

"सापडली!" सर ओरडले.

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खरंच वाजवल्या. माझे कपडे टेबलावर पडलेले, आणि त्यावरून टाळ्या. दीदीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "चला, विषय संपला. फॅमिलीत असं होतंच. आवर पटकन हे, मी चहा टाकते."

माझे हात पुढे गेले. हे मी लपवणार नाही. सवयीनं गेले. जन्मभर हेच केलं होतं. कोणी काही फेकलं की वाकून उचलायचं, पदर सारखा करायचा, पुढं चालायचं. शाळेत बाईंनी माझी वही लांबूनच टाकली तेव्हा उचलली होती. नर्सिंगच्या वसतिगृहात माझी बादली बाहेर काढून ठेवली तेव्हा उचलली होती. युनिफॉर्मला बोटं लागली आणि तिथंच थांबली. हात जणू माझे नव्हतेच, कोणीतरी शिकवून ठेवलेले होते.

मी हात मागे घेतले.

"मी नाई उचलत," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"ज्यायनं काढलं त्यायनं भरा. जशी काढली तशी भरा."

दीदी हसली. "अगं, आता ताणू नकोस. सापडली ना दुर्बीण?"

"तुमची सापडली. मी कुठी नेली होती? चोर मले म्हटलं. विषय माहा आहे. मी म्हणीन तवा संपंल."

मी खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसले. सर म्हणाले, "आवाज खाली." मी आवाज चढवलाच नव्हता. म्हणाले, "तुला माहीत नाही, मी कोण आहे. एक फोन केला तर—"

"करा."

त्यांनी फोन खिशात घातला.

शेवटी दीदी पुढे आली आणि पटपट सामान कोंबू लागली. "असं नाई," मी म्हणाले. "घडी करून." तिचा चेहरा लाल झाला. तिनं युनिफॉर्मची घडी केली. माझे आतले कपडे उचलताना तिची बोटं अडखळली. काढताना अडखळली नसतील. मग मी सरांकडे पाहिलं. "कात्री तुमच्या हातानं." त्यांनी ती टेबलावर आपटली. "डब्यात," मी म्हणाले. त्यांची बायको दोन पावलं पुढं आली, कात्री घेऊन डब्यात ठेवली, डब्याला झाकण लावलं आणि माझ्याकडे न पाहता मागे सरकली. चारोळीचे दाणे मात्र मी कोणाला उचलू दिले नाहीत. ते माझे मी वेचले. त्या म्हाताऱ्या बाईचे कष्ट होते ते, अपमान नव्हता.

कोणी माफी मागितली नाही. मी पिशवी घेऊन सरळ पोलीस ठाण्यात गेले.

"बाई, दुर्बीण तर सापडली. मग तक्रार कशाची?" तिथले साहेब म्हणाले.

"माह्या कपाटाची. माह्या आतल्या कपड्यायची. आणि आडनाव ऐकून जे केलं त्याची."

त्यांनी मला बाकावर बसवून ठेवलं. मी बसले. त्यांना वाटलं, कंटाळून जाईल. पुरात वेढलेल्या गावात, एका कंदिलाच्या उजेडात, मी अडलेलं मूल येईस्तोवर बसलेली बाई आहे. शेवटी त्यांनी लिहून घेतलं. मी शब्द न् शब्द वाचला, दोन ठिकाणी दुरुस्ती करायला लावली, मगच सही केली. साक्षीदार म्हणून त्या मुलीचं नाव दिलं. ठाण्यातून तिला फोन गेला, तसा तिचा मेसेज आला, 'प्लीज, माझं नाव नको.' मी नाव काढलं नाही. तिनं पाहिलं होतं. खरं बोलायचं की नाही, हे आता तिनं ठरवावं.

उरलेल्या दोन रात्री मी तिथंच राहिले. माझी खाट होती. मी टेबलाशी बसून जेवले, फळीवरचा हाताला लागेल तो कप घेतला. मी आले की हॉल रिकामा व्हायचा. होऊ दिला.

आता मी उपकेंद्रात परत आले आहे. अनोळखी नंबरावरून फोन येतात. उचलला की पलीकडे कोणीच बोलत नाही, फक्त कोणीतरी ऐकत असतं. गेल्या आठवड्यात एक पांढरी गाडी दोन दिवस उपकेंद्रासमोर उभी होती. काचा वर. कोणी उतरलं नाही. गावातल्या बायका म्हणाल्या, आम्ही कधी पाहिली नाही ही गाडी. वरच्या साहेबांचा फोन आला, "मिटवून टाका बाई. नाहीतर बदली होईल, पार कोपऱ्यात."

"भामरागडच्या पुढं कुठी पाठवसान सर?" मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

माय रडते. "बाई, मोठ्या माणसायचे हात लांब रायते. सोडून दे."

"माय, घोळक्यात भेव नसते म्हणे तू. मी घोळका पाह्यला. आता मले एकटीचं भेव नाई."

पुढच्या महिन्यात चंद्रपूरला तक्रारीच्या चौकशीची तारीख आहे. मी एकटी जाणार आहे. राहण्यासाठी त्याच हॉस्टेलात खाट मागितली आहे, पूर्ण नावानं, आडनावासकट. अजून उत्तर आलेलं नाही. जागा नाही म्हणाले, तर ते लेखी मागेन आणि तेही तक्रारीला जोडेन. खाट दिली, तर त्याच टेबलाशी बसून जेवेन.

तक्रार मागे घेणार नाही.