मेणताई आणि गोष्टीचा दुसरा भाग

घोषणाबाईंनी मेणताईला पाहिलं नंतर, आधी ऐकलं. दातांच्या दवाखान्यात त्या तोंडाला रुमाल लावून बाकावर बसल्या होत्या. आतल्या खोलीत एक म्हातारा घोगऱ्या आवाजात वाचत होता, "त्याने तिच्या मानेवर ओठ टेकले. तिला त्याच्या सुळ्यांचा थंडपणा जाणवला."

मग एका बाईचा शांत आवाज आला. "आजोबा, 'जाणवला' परत म्हणा. खालची कवळी उचलतेय."

म्हाताऱ्याने दोनदा 'जाणवला' म्हटलं आणि विचारलं, "मग? चावला का तो?"

"ते दुसऱ्या कुणाच्या पानावर आहे. तोंड उघडा."

बाईंनी रुमालाआडून दार पाहून ठेवलं. आपण चुकून भलत्याच ठिकाणी तर आलो नाही ना, असं त्यांना वाटून गेलं.

घोषणाबाई हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. बसस्थानकावर माइकसमोर बसून गाड्यांची घोषणा करणं हे त्यांचं काम, म्हणून चालक-वाहकांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. हिरड्यांच्या दुखण्याने त्यांचे दात एकेक करून काढावे लागले आणि पन्नाशीतच तोंडाचं बोळकं झालं. त्या रजेवर जाताना स्थानकप्रमुख सरळच म्हणाले होते, "कवळी बसली की या, माइकवर बोलून दाखवा. जमलं तर खुर्ची तुमचीच. नाही जमलं तर पार्सलच्या खोलीत जागा आहे." पार्सलच्या खोलीत दिवसभर बोलावं लागत नाही. बाईंना धास्ती होती ती त्याचीच.

मेणताई डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायची. मागच्या खोलीत लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले, एक छोटा स्पिरिटचा दिवा, आणि गुलाबी मेणाच्या पट्ट्या. त्या मेणात ती एकेक दात रोवायची. तिच्या नखांत कायम गुलाबी मेण असायचं, त्यावरून ते नाव. चाळिशीची, बारीक अंगाची, लग्न न केलेली. भाऊ-वहिनींच्या घरी एका खोलीत राहायची. "भुताखेतांच्या पुस्तकांना कवटाळून बसलीस, म्हणून माणसं फिरकली नाहीत," असं वहिनी म्हणायची. मेणताई म्हणायची, "फिरकली होती की. तूच चहा पातळ केलास." दोघींचं बरं चालायचं.

मेणातली कवळी तोंडात बसवून पेशंटकडून मोठ्याने वाचून घ्यायचं, ही तिची पद्धत. दात मेणात असेपर्यंत हलवता येतात, म्हणून बोलताना काय अडतं ते तेव्हाच ऐकायचं. पूर्वी ती वर्तमानपत्र वाचायला द्यायची. पण वर्तमानपत्र वाचता वाचता माणसं मध्येच थांबून सरकारला शिव्या घालायला लागतात आणि तपासणी राहते बाजूला. मग कुणीतरी बाकावर एक कादंबरी विसरून गेलं. रक्त पिऊन जगणाऱ्या व्हॅम्पायरची प्रेमकथा, पहिला भाग. ती वाचताना माणूस आपलं तोंड विसरतो आणि नेहमीसारखा बोलतो, हे मेणताईच्या लक्षात आलं. दुसरा भाग निघाला तेव्हा तिने तो स्वतः विकत आणला आणि प्लास्टरची भुकटी बसू नये म्हणून त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं.

बाईंच्या वाट्याला हा दुसरा भाग आला. त्या वाचायच्या आपल्या कामाच्या आवाजात, प्रत्येक शब्द सुटा, चढउतार नाही. "मी. तुझ्यावर. तीनशे वर्षं. प्रेम करत आलो आहे," हे वाक्य त्यांनी असं वाचलं, जणू गाडी फलाटावरून सुटायला आली आहे आणि प्रवाशांनी जागा घ्यावी. मेणताईला हसू आलं, पण दिवा तिच्या हातात होता.

"ही कोण, जिच्यावर तीनशे वर्षं?" बाईंनी विचारलं. "ही तर विशीतली आहे."

"ती घड्याळं दुरुस्त करते. तो तीनशे वर्षांचा आहे, ती नाही."

"मग ती जन्मायच्या आधीपासून प्रेम करत होता?"

"लेखिकेची चूकच आहे ती. वाचा पुढे."

दुसऱ्या खेपेला बाईंना आणखी चुका सापडल्या. "इथे तो होडीत बसून नदी ओलांडतो. मागच्या खेपेला म्हणालात, वाहतं पाणी ओलांडलं की तो मरतो."

"पहिल्या भागात मरत होता."

"आणि हे काका परत कुठून आले? यांना तर पुरलं ना?"

"पुरलं. लेखिका विसरली असेल." मेणताईने वरचा एक दात केसाएवढा मागे सारला. "मी नाही विसरले. वाचा."

"ताई, खरं सांगू का, हे पुस्तक भिकार आहे."

"आहे," मेणताई म्हणाली. "दोनदा वाचलं मी."

तिसऱ्या आणि शेवटच्या खेपेला बाईंच्या वाट्याला आलेलं पान निराळं निघालं. दोनशे पानं बेपत्ता असलेला तो व्हॅम्पायर परत येतो. ती मुलगी कामाच्या टेबलावरच डोकं टेकून झोपलेली असते. तो तिला उठवत नाही. दुकानातल्या भिंतीवरची सगळी बंद घड्याळं एकेक करून किल्ली देऊन चालू करतो आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर बसून राहतो. बाईंनी हेही फलाटाच्या आवाजातच वाचलं. वाचून झाल्यावर मेणताईने कवळी काढून घेतली. मग म्हणाली, "झालं. छान बसलीय. करून ठेवते पक्की."

पक्की कवळी घालून बाई माइकसमोर बसल्या. स्थानकप्रमुख शेजारी उभे होते. "सकाळी साडेसातची," बाईंनी सुरुवात केली, आणि प्रत्येक 'स'बरोबर एक बारीक शिट्टी साऱ्या स्थानकभर घुमली. एका वाहकाला वाटलं गाडी सोडायचा इशारा झाला. त्याने घंटी मारली आणि गाडी फलाटावरून हललीसुद्धा. मागे धावणारे प्रवासी पाहून लोक हसले. स्थानकप्रमुख हसले नाहीत. "आठवडाभरात दुरुस्त करून या," ते म्हणाले. "नाहीतर पार्सलचं पत्र काढावं लागेल मला." घरी यजमानांनी जेवताना विचारलं, "घोषणा करतेस की वाहतूक आवरतेस?" एरवी बाईंनी तोडीस तोड दिलं असतं. त्या रात्री त्यांनी कवळी काढून पेल्यात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

सकाळी त्या थेट मागच्या खोलीत गेल्या.

"तुम्ही म्हणालात छान बसलीय," त्या म्हणाल्या. छानमध्ये शिट्टी नव्हती, बसलीयमध्ये होती. "तीन खेपा वाचून घेतलंत. तेव्हा ऐकू आलं नाही?"

मेणताईने दिवा विझवला. "पहिल्या खेपेला होती ती शिट्टी. दुसऱ्या खेपेला बरीच कमी केली. तिसऱ्या खेपेला गेली का ते बघायचं होतं."

"मग?"

"तुम्ही घड्याळांचं पान वाचत होतात. मी गोष्ट ऐकली, बाई. तुमचा 'स' ऐकलाच नाही."

बाईंनी विचारलं, "दोनदा वाचलेली गोष्ट?"

"हो."

"मेलेले काका हिंडतायत त्यातली?"

"त्यातलीच."

बाहेर डॉक्टरांच्या यंत्राचा आवाज येत होता. बाई स्टुलावर बसल्या. रागावून आलेलं माणूस एकदा बसलं की अर्धा राग उतरतो, आणि तसंही पार्सलचं पत्र थांबवू शकणारी दुसरी कुणी त्यांच्या ओळखीत नव्हती. "आता?" त्या म्हणाल्या.

मेणताईने पुस्तक उचललं आणि पानं उलटत मधोमध आली. "इथे सगळ्या व्हॅम्पायरांची सभा भरते. रक्तमंडळ. चाळीस पानं चालते. ठराव मांडतात, ठरावाला अनुमोदन देतात, मग दुरुस्ती सुचवतात. शेवटी ठरत काहीच नाही."

"आमच्या इमारतीची सभासुद्धा लवकर आटोपते."

"इथे माझं मन रमत नाही," मेणताई म्हणाली. "इथून वाचा."

ती पाठमोरी होऊन डोळे मिटून उभी राहिली. बाई वाचू लागल्या. सभासदांनी सर्वसंमतीने सुचवलेला सातवा ठराव. शिट्टी वाजली. मेणताईने कवळी हातात घेतली, वरच्या पुढच्या दातांमागे टाळूवर अंगठा फिरवला. तिथे एक अरुंद खाच राहिली होती. हवा तिच्यातून कोंडून निघत होती. तिने खाचेत मेणाचा थेंब सोडला, बोटाने सपाट केला. पुन्हा सभासद, पुन्हा सातवा ठराव. थेंब जास्त झाला, बाई बोबड्या झाल्या. तिने खरवडला. रक्तमंडळाचं कामकाज दुपार कलेपर्यंत चाललं. मध्ये डॉक्टर डोकावले. ती "आत्ता नाही" म्हणाली, आणि ते परत गेले. अध्यक्षांनी सभा संपल्याचं सांगितलं तेव्हा बाईंच्या तोंडून नुसते शब्द आले.

मेणताई मान हलवून म्हणाली, "आता मेणाच्या जागी पक्कं भरते. संध्याकाळी न्या."

"एकदा ते घड्याळांचं पान वाचून बघू का?" बाईंनी विचारलं. "खात्रीसाठी."

"नको," मेणताई म्हणाली. "ते तपासायला चालत नाही."

दोन दिवसांनी बाई माइकसमोर बसल्या. साडेसातची गाडी आपल्या वेळेला, कुणी घंटी न मारता, फलाटावर उभी राहिली. स्थानकप्रमुखांनी हजेरीपटावर त्यांची सही घेतली आणि पार्सलच्या खोलीत दुसऱ्या कुणाची तरी सोय झाली. बाईंनी तो दुसरा भाग वाचायला मागितला, पण वाचून पुरा केला नाही. होडीपाशी त्यांचा धीर सुटला. परत करताना त्यांनी तसं सांगितलं. मेणताई म्हणाली, "पुष्कळांचा तिथेच सुटतो."

मेणताई अजून त्याच खोलीत कवळ्या करते. तिच्याकडे येणारा प्रत्येक जण आता रक्तमंडळाच्या सभेतलीच पानं वाचतो आणि पुढे काय झालं, असं कुणीही विचारत नाही. तिसरा भाग निघाला आहे. तो ती भावाच्या घरी, आपल्या खोलीत ठेवते.