उत्तरदाता क्रमांक अकरा

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी कॉलेजची एक मुलगी सर्व्हेचा फॉर्म घेऊन आमच्या दारात आली. विषय विचारला तर म्हणाली, "समाजशास्त्र." मला एकदम आमचं टीवाय आठवलं.

तेव्हा सरांनी आम्हा चौघींना नंदुरबारला मिरची वाळवतात त्या पथारीवर पाठवलं होतं. नाकाला ओढण्या बांधून आम्ही शिंकत होतो आणि शिंकता शिंकता हसत होतो. काय दिवस होते!

देठ खुडणाऱ्या बायांमध्ये माझी आई बसली होती. ती हे काम करते, हे मी मैत्रिणींना कधीच सांगितलं नव्हतं. मी पुस्तकी मराठीत विचारलं, "आपलं नाव?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मग मैत्रिणींकडे. तिने मुकाट्याने नाव सांगितलं.

"मुलं किती?"

"एकच पोर शे. कॉलेजमा शिकस."

मी लिहून घेतलं, उत्तरदाता क्रमांक अकरा. प्रोजेक्टला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले.

आज त्या मुलीने आईलाच नाव विचारलं. आईने आधी तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "बेटा, पहिले तुन्ही मायना फारम भर. मन्हा फारम मन्ही पोरनी पहिलेच भरेल शे."

मुलगी हसली. मला मात्र मिरचीशिवायच ठसका लागला.

शिकताना घरच्याच माणसाला असं परकं केलंय का हो तुम्ही कुणी? आई आत चहा टाकतेय. तिला आता काय म्हणू, सांगा ना.