प्रिंटरची लांबलेली करकर

आमच्या मुलांना लेझर प्रिंटरच माहीत. कागद गपचूप बाहेर येतो. त्यामुळे आपला बाप एकेकाळी प्रिंटरच्या आवाजावरून लोकांच्या तब्येती ओळखायचा, ही त्यांना थापच वाटते.

मी तेव्हा बिबवेवाडीत एका पॅथॉलॉजी लॅबच्या शाखेत होतो. कॉम्प्युटरपुढे बसतो एवढ्यावर नातेवाईक मला इंजिनिअर समजत, आणि मीही कुणाचा गैरसमज दूर करत नसे. तपासणी मुख्य लॅबमध्ये व्हायची. रिपोर्ट टेलिफोनच्या तारेवरून आमच्या टर्मिनलवर यायचा. बटण दाबलं की तो पडद्यावर न दिसता थेट शेजारच्या करकरत्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर उतरे. पडदा तेवढा वेळ ढिम्म. सगळं ठीक असलं की मजकूर दोन-चार ओळींचा, करकर छोटी. काही गडबड असली की डॉक्टर सविस्तर लिहीत. मग करकर लांबे आणि समोरच्या टेबलावरच्या बाई व मी एकमेकांकडे बघायचं टाळत असू. ही विद्या मी घरी जेवताना मोठ्या रंगात सांगितली होती. तेवढी अक्कल नको होती.

कारण पुढे बायकोच्याच गळ्याला गाठ आली. तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट आला त्या दुपारी ती बाहेर बाकावर बसली होती. बाई म्हणाल्या, मी काढते, तुम्ही बाहेर बसा. मी म्हणालो, रोजचंच काम आहे. ऐट अजून शाबूत होती.

घाईघाईत दोन-तीन बटणं दाबली. करकर सुरू झाली. क्षणभर थांबली, मी श्वास सोडला, आणि ती पुन्हा सुरू झाली. संपलं का बघायला मी एंटर दाबला. आणखी करकर. पुन्हा दाबला. आणखी. कागदाकडे बघायची छाती होईना. पडद्यावर काहीतरी येत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. धाकटीचं अजून दूधही सुटलं नव्हतं, एवढंच डोक्यात फिरत होतं. दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. बायकोने पर्सचा पट्टा मुठीत आवळला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. ऐकत होती.

मी एंटर दाबतच राहिलो.

शेवटी बाई उठल्या. त्यांनी प्रिंटर बंद केला, कागद वर धरून वाचला आणि म्हणाल्या, "अहो, रिपोर्ट केव्हाच संपलाय. साधी गाठ आहे. हा खालचा सगळा आपल्या टर्मिनलचा मेनू आहे. पडद्यावर येईल ते छापायचं बटण तुम्हीच चालू करून बसलायत."

म्हणजे दर एंटरला मेनू पडद्यावर येत होता आणि तोच कागदावर उतरत होता. ती करकर मीच लांबवत होतो.

कागद फाडून घ्यायचंही सुचलं नाही. अख्खी पट्टी फरफटत बाहेर नेली. साधी आहे, एवढं कसंबसं बोललो. तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. पहिल्या ओळी बोट ठेवून दोनदा वाचल्या. मग पट्टा सोडला. तळहातावर त्याचा लाल वळ उठला होता. खालचा मेनू तिने शेवटपर्यंत वाचला.

"इथे सारखं लिहिलंय, बाहेर पडायला नऊ दाबा," ती म्हणाली. "तेवढं दाबून या. घरी जाऊ."