बाल्कनीतली काळी कॉफी

माझ्या सासऱ्यांना विसर पडू लागला तेव्हा आम्ही वर्तकनगरला, जुन्या वसाहतीत राहत होतो. मग इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही कोलशेतला अकराव्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. जागा निवडताना नवरा म्हणाला होता की बाबांची सगळी नोकरी इथल्याच कंपनीत झाली, भाग ओळखीचा आहे, त्यांना बरं वाटेल. झालं उलटंच. कंपनी बंद होऊन कितीतरी वर्षं झालेली, तिच्या जागेवर आमच्यासारखेच टॉवर उभे राहिलेले. पण खिडकीतून खाडी दिसली, रस्त्याचं ते वळण दिसलं, की बाबांना पहिली पाळी आठवायची. सकाळी उठून ते स्वतःच शर्ट खोचायचे, केस विंचरायचे आणि दाराशी येऊन उभे राहायचे. ड्युटीला उशीर होतोय, एवढंच म्हणायचे.

एकदा ते खरंच गेले. मी मशीनमधले कपडे काढत होते आणि दार नुसतं ओढलेलं होतं. माजिवड्याच्या पुलाखाली, दोन्ही बाजूंनी गाड्या जात असताना, ते दुभाजकावर उभे असलेले एका रिक्षावाल्याला दिसले. खिशातल्या कार्डावर आमचा नंबर होता म्हणून घरी आले. त्याच संध्याकाळी नवऱ्याने दाराला आतूनही किल्लीने बंद होणारं कुलूप बसवून घेतलं. एक किल्ली त्याच्याकडे राहायची, दुसरी फ्रिजवरच्या डब्यात.

मी तोवर एका विमा कंपनीच्या ऑफिसात होते. आधी बिनपगारी रजा घेतली, मग राजीनामा दिला. दिवसभरासाठी एक बाई ठेवून पाहिली, पण बाबा तिला घरात घुसलेली कुणीतरी समजायचे आणि तिच्यावर ओरडायचे. ती गेली. उरलो मी आणि बाबा. नवरा सकाळी ऐरोलीला ऑफिसला निघाला की मागे कुलूप लागायचं, आणि संध्याकाळी तो येईपर्यंत ते तसंच. दूध, भाजी, औषधं, सगळं दारात यायचं. मी फट ठेवून दार उघडायची, पिशवी आत ओढून घ्यायची आणि परत लावायची. फोनवर सगळे म्हणायचे, किती करतेस गं. कौतुक करणाऱ्याला आपण कंटाळलोय असं कसं सांगणार?

माझी भाची बंगळुरूला नोकरी करते. दिवाळीला ती डोंबिवलीला, माझ्या बहिणीकडे आलेली. मी तिकडे जाऊ शकत नव्हते म्हणून तीच मला भेटायला आली, आणि येताना कॉफीच्या ड्रिप बॅगांचा एक खोका घेऊन आली. आमच्या घरात कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ घातलेली, तीही उपासाला नाहीतर पाहुणे आले तर. हे वेगळं प्रकरण होतं. कागदाची छोटीशी पुडी, आत एका कपापुरती दळलेली कॉफी. वरची कड फाडायची, बाजूचे पुठ्ठ्याचे दोन कान उलगडून कपाच्या काठावर अडकवायचे आणि वरून पाणी ओतायचं. मावशी, तुला यात गाळणंसुद्धा धुवावं लागणार नाही, असं म्हणून तिने एक करून दाखवली आणि संध्याकाळच्या आत परत गेली.

माझी पहिली कॉफी कडूजहर झाली. पाणी उकळतं ओतलं होतं. दुसऱ्या वेळी घाईने भडाभडा ओतलं तर ती पाणचट आणि आंबट लागली. एकदा कप बुटका होता, पुडी खालच्या कॉफीत बुडून राहिली आणि चवीला ओला कागद आला. हळूहळू जमायला लागलं. उंच कप घ्यायचा. पाणी उकळलं की जरा थांबायचं. आधी अगदी थोडं पाणी, पूड भिजेल एवढंच. मग ती फुगून वर येते, तिला बुडबुडे येतात, आणि तेव्हा जो वास सुटतो तो नंतर प्यायला मिळत नाही. ते शांत झालं की बारीक धारेने, गोल फिरवत, दोन-तीन वेळा पाणी घालायचं. बारीक धारेसाठी मी सासूबाईंची स्टीलची झारी माळ्यावरून काढली. जुन्या काळी प्रवासात पाणी न्यायची ती झारी. तिच्या चोचीतून धार अशी पडायची की जणू ती यासाठीच केली होती.

कॉफी तर आवडू लागलीच, पण मला ते थांबणं जास्त आवडायचं. पुडीतून थेंब पडत असताना दुसरं काही करता येत नाही. कुणी हाक मारली तरी जाता येत नाही, गेलं तर बिघडते. दिवसभरात तेवढ्याच वेळेला माझ्याकडे न जाण्याचं कारण असायचं.

बाबा ओट्याशी खुर्ची ओढून समोर बसायचे आणि थेंबांकडे बघत राहायचे. त्यांच्यासाठी मी थोडी वेगळी काढून दूध-साखर घालायची. ती ते बशीतून प्यायचे. मग टीव्हीसमोर बसायचे, आणि मी माझा कप घेऊन बाल्कनीत जायची. काचेतून ते दिसत राहायचे.

थंडी सरत आलेली तेव्हाची गोष्ट. मी कप घेऊन बाल्कनीत गेले, सरकतं काचेचं दार मागे ओढून घेतलं, कारण खाली रस्त्याचं काम चाललेलं आणि धूळ आत यायची. दोन घोट घेतले असतील. मागे खट्ट वाजलं. वळून पाहिलं तर बाबा काचेपलीकडे उभे, हात कडीवर. त्यांनी ती आतून लावली होती.

मी आधी हसले. मग खुणेने सांगितलं, कडी वर करा. ते माझ्याकडे बघत राहिले. फोन आत ओट्यावर होता. किल्ली फ्रिजवर होती. मी काचेला तोंड लावून मोठ्याने म्हटलं, "बाबा, ती कडी वर ओढा. मला आत यायचंय."

"तुम्ही कोण?"

"मी तुमची सून."

त्यांनी मान हलवली, अगदी सभ्यपणे. "सून आत आहे," ते म्हणाले. "कॉफी करतेय."

आणि ते मला बघायला स्वयंपाकघरात गेले.

आमचा ओटा हॉलमधून दिसतो, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. त्यांनी दोन्ही खोल्यांत डोकावून पाहिलं, न्हाणीघराचं दार वाजवलं. मग ओट्याशी येऊन उभे राहिले. इलेक्ट्रिक किटलीत अजून गरम पाणी होतं. त्यांनी ती उचलली तशी मी काचेवर थापा मारू लागले. त्यांचे हात कापतात, पाणी अंगावर सांडलं असतं. थापांचा आवाज ऐकून ते दचकले, किटली हिंदकळली, आणि मला कळलं की मी आता गप्प राहायला हवं. मी हात खाली घेतले.

शेजारच्या फ्लॅटची बाल्कनी आमच्या बाल्कनीला लागून आहे, मधे फक्त भिंत. तिथल्या काकू निवृत्त शिक्षिका. मी वाकून हाका मारल्या तेव्हा त्या कपडे वाळत घालायला आलेल्या. त्यांनी माझ्या नवऱ्याला फोन लावला, त्याचा निरोप मला दिला. तो निघालाय, पण ऐरोलीतच, पटनी कंपनीच्या पुढे गाड्या तुंबल्यात. खालचा वॉचमन वर आलाय, दार तोडतो म्हणतोय, तोडू दे का, असं काकूंनी विचारलं. मी नको म्हणाले. दारावर घाव बसले तर बाबा घाबरून काय करतील याचा नेम नव्हता. काकू म्हणाल्या, मी इथंच उभी राहते हो, आणि खरंच भिंतीपलीकडे उभ्या राहिल्या.

आत बाबांनी खोक्यातून एक पुडी काढली. कड फाडायला त्यांना वेळ लागला, शेवटी दाताने फाडली. कान अडकवायचे त्यांना आठवले नाहीत. पुडी नुसती कपात ठेवली. मग मात्र त्यांनी किटली ठेवली, झारी घेतली, पाणी झारीत ओतलं. निम्मं ओट्यावर गेलं, हातावर नाही. आणि झारीने ते थोडं थोडं पाणी घालू लागले. घालायचे, थांबायचे, वाकून बघायचे. नळाखाली हात धुवावा इतक्या शांतपणे त्यांनी ते सगळं केलं.

कप घेऊन ते माझ्यापाशी आले. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे ते. कडी त्यांच्या बाजूला, छातीशी. त्यांनी कप डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने काचेवर टकटक केलं.

"दार उघडा हो बाई," ते म्हणाले. "मला इथून कुणी बाहेर सोडत नाही."

"मलाही नाही सोडत, बाबा."

हे मी मोठ्याने म्हटलं, काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. म्हणून झाल्यावर मी बाल्कनीच्या फरशीवर बसले. तेही आतल्या बाजूला खुर्ची ओढून बसले. कपातली पुडी बाजूला सारत त्यांनी ती बिनसाखरेची काळी कॉफी थोडी थोडी प्यायली. तोंड वाकडं केलं नाही. माझी कॉफी गार झालेली, तीही मी संपवली. खाडीवरून वारा येत होता. बराच वेळ आम्ही तसेच बसलो. त्यांना औषध द्यायचं होतं, डाळ भिजत होती, आणि त्यातलं काहीच मला करता येत नव्हतं. मला बरं वाटत होतं.

नवरा आला तो घामाघूम. कुलूप उघडून धावत आला, कडी काढली. बाबा उठून त्याला म्हणाले, या, बसा. नवऱ्याने मला आत ओढायला हात पुढे केला, आणि मी म्हणाले, "जरा थांब. मला अजून आत यायचं नाहीये."

त्याला वाटलं मी चिडलेय. मी चिडले नव्हते. रात्रीची भांडी आवरताना त्याला सांगितलं की गेल्या दीड वर्षात मला सगळ्यात मोकळं आज वाटलं, दोन पावलांच्या बाल्कनीत कोंडलेली असताना. तो पुसलेली ताटं परत पुसत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने बाल्कनीच्या दाराची कडी काढून टाकली, तिथे वरच्या बाजूला नवी बसवली. आणि ऑफिसात सांगून दर बुधवारी घरून काम करायचं ठरवलं. बुधवारी दुपारी तू बाहेर जायचंस, म्हणाला. कुठेही.

पहिल्या बुधवारी मी डोंबिवलीला बहिणीकडे गेले आणि जेवून तिच्या चटईवर झोपले ती तिने हलवून उठवेपर्यंत. पुढच्या बुधवारी बहीण गावाला गेलेली. मी रिक्षात बसले, माजिवडा म्हणाले, उतरले, आणि कुठे जायचं ते सुचेना. एका कॅफेत गेले. कॉफी मागवली. आजूबाजूला मुलंमुली लॅपटॉप उघडून निवांत बसलेली. माझी कॉफी चांगली होती, पण ती येईपर्यंत मी तीनदा घरी फोन केला होता. औषध दिलं का, खिचडी खाल्ली का, दाराशी गेले का. नवरा म्हणाला, सगळं ठीक आहे, तू आरामात ये. मी अर्धा कप ठेवून उठले. बिल देताना माझे हात उगाचच घाई करत होते.

ठरल्यापेक्षा कितीतरी आधी घरी पोचले. कुणी दार उघडेना, म्हणून नवऱ्याला फोन लावला. आत त्याचा फोन वाजला, थांबला, मग किल्ली फिरली. तो अर्धवट झोपेत होता. बाबा सोफ्यावर त्याच्या उशीला टेकून झोपलेले, तोंड किंचित उघडं. नवऱ्याने ओठांवर बोट ठेवलं, आवाज नको करूस म्हणून, आणि जाऊन परत त्यांच्याशेजारी टेकला. मी चपला काढल्या, दाराला कुलूप लावलं, आणि पर्स मांडीवर घेऊन तिथल्याच स्टुलावर बसून राहिले.